वाचकांचे प्रश्न : दोन बाजूंचा सर्किट बोर्ड घरी तयार करताना

दोन बाजूंचे सर्किट बोर्ड घरी तयार करण्याविषयी आमच्याकडे बरीच पत्रे साठली होती. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त करून आणि सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे दिली आहेत.

प्रश्न : मी एका बाजूचे बोर्ड लेझर प्रिंट आणि इस्त्रीच्या पद्धतीने नियमितपणे करतो. सध्या अठ्ठावीस पायांचा मायक्रोकंट्रोलर, दोन रिले आणि एक डिस्प्ले अशा मंडलाचा (सर्किटचा) आराखडा आखत असताना नऊ जंपर तारा टाकाव्या लागत आहेत. आता दोन बाजूंच्या बोर्डाकडे वळावे का, आणि त्यात मूळ फरक कोणता?

उत्तर : दुसऱ्या बाजूलाही तांबे असते एवढाच फरक असता, तर काम फक्त दुप्पट झाले असते. खरा फरक भोकात पडतो. कारखान्यात भोके पाडल्यानंतर त्यांच्या आतील भिंतीवर पॅलेडियमयुक्त द्रावणाची प्रक्रिया करतात, मग रासायनिक पद्धतीने तांब्याचा अतिशय पातळ थर बसवतात आणि त्यावर विद्युत विलेपनाने साधारण २० ते २५ मायक्रॉन जाडीचे तांबे चढवतात. त्यामुळे तेथे प्रत्येक भोक आपोआपच वरच्या आणि खालच्या थराला जोडते. आपण घरी पाडलेल्या भोकाची भिंत मात्र काचतंतू आणि रेझिनची, म्हणजे विद्युतरोधकच राहते. प्रत्येक जोड आपल्याला हाताने द्यावा लागतो, आणि तो देता येईल की नाही हे आराखडा काढतानाच ठरून जाते.

तुमच्या नऊ जंपरांविषयी बोलायचे तर ती संख्या लाज वाटण्यासारखी नाही. जंपर म्हणजे वरच्या बाजूचा एक सरळ ट्रॅकच (तांब्याचा वाहक पट्टा) असतो आणि तो सोल्डर करायलाही दोनच टोके असतात. त्याच आराखड्याचे दोन बाजूंच्या बोर्डात रूपांतर केले तर नऊ ट्रॅकांसाठी अठरा व्हाया (दोन्ही थर जोडणारी भोके) लागतील, म्हणजे प्रत्येकी वर आणि खाली मिळून छत्तीस सोल्डर जोड होतील. केवळ जंपर टाळण्यासाठी हा खटाटोप करू नये, असे आमचे मत आहे. बोर्डाचा आकार निम्म्यावर आणायचा असेल, एका बाजूला अखंड ग्राउंड हवा असेल, किंवा पृष्ठभागावर बसणारे बारीक घटक वापरायचे असतील, तर मात्र दोन बाजूंचा बोर्ड खरोखर उपयोगी पडतो.

प्रश्न : कॅडच्या (संगणकावर आराखडा आखण्याच्या) प्रणालीत नियमांची तपासणी एकही चूक न दाखवता पूर्ण झाली, बोर्डही स्वच्छ निघाला, पण घटक बसवल्यावर मंडल चालेना. तपासल्यावर लक्षात आले की काही वरचे ट्रॅक आयसीच्या सॉकेटखाली आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरखाली जातात आणि तेथे वरून सोल्डर करताच येत नाही. अशी चूक आधीच कशी टाळावी?

उत्तर : दोन बाजूंच्या घरगुती बोर्डांच्या तक्रारींत ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे, आणि दोष तुमच्या सोल्डरिंगचा नाही. किकॅड असो किंवा दुसरी कोणतीही प्रणाली, ती प्रत्येक आरपार पॅड (भोकाभोवतीचा, सोल्डर करण्याचा तांब्याचा ठिपका) आतून तांब्याने मढवलेले आहे असे गृहीत धरते. वरच्या थरातून रिलेच्या पायापर्यंत ट्रॅक पोहोचला की तिच्या दृष्टीने जोड पूर्ण झाला. सोल्डरिंग आयर्नचे टोक तेथे पोहोचणार आहे का, हा प्रश्न तिला पडत नाही.

म्हणून आखणी सुरू करण्यापूर्वीच घटकांचे दोन गट करावेत. रेझिस्टर, डायोड, डिस्क कपॅसिटर आणि बोर्डापासून किंचित उंच बसवलेला ट्रान्झिस्टर यांचे पाय वरूनही दिसतात, म्हणून त्यांच्या पॅडला वरच्या थरातून ट्रॅक जोडायला हरकत नाही. रिले, स्क्रू टर्मिनल, बोर्डाला टेकून बसणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, बटण, प्लॅस्टिकच्या चौकटीचा कनेक्टर आणि आयसीचे नेहमीचे सॉकेट हे आपल्या पायांवर झाकण घालून बसतात. अशा घटकांच्या पॅडवर केवळ खालच्या थरातील ट्रॅक यावा. वरून येणारा ट्रॅक घटकाच्या बाहेर चार-पाच मिलिमीटरवर थांबवून तेथे व्हायाने खाली उतरवावा आणि उरलेले अंतर खालून जोडावे. सॉकेट वापरायचेच असेल, तर ज्याचे पाय गोल, खरादलेले आणि थोडे उंच असतात त्या प्रकारचे घ्यावे, कारण बारीक टोकाच्या आयर्नने त्याला वरूनही सोल्डर देता येतो. या घटकांसाठी वरच्या थरात पॅडच नसलेले स्वतःचे फुटप्रिंट (घटकाच्या पॅडांचा नमुना) एकदा करून ठेवले, तर प्रणालीलाच वरून ट्रॅक जोडू न देण्याची शिस्त लागते आणि दर वेळी डोळ्यांत तेल घालून तपासत बसावे लागत नाही.

आता मापे. टोनरच्या, म्हणजे लेझर प्रिंट आणि इस्त्रीच्या, पद्धतीत ट्रॅक ०.४ ते ०.५ मिलिमीटर आणि दोन ट्रॅकांतील अंतर किमान ०.३ मिलिमीटर ठेवावे. फोटोफिल्म (प्रकाशसंवेदी फिल्म) वापरणाऱ्याने सरावानंतर दोन्ही मापे ०.२ मिलिमीटरपर्यंत उतरवली तरी चालते. व्हायाचे भोक ०.८ आणि पॅड १.८ मिलिमीटर असावे. नेहमीच्या आयसीच्या दोन पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर असते. तेथे १.६ मिलिमीटरचे पॅड घेतले, तर मध्ये ०.९४ मिलिमीटर जागा उरते आणि तिच्यातून ०.३ मिलिमीटरचा एकच ट्रॅक दोन्हीकडे ०.३ मिलिमीटर अंतर राखून जेमतेम जातो. शक्य असेल तेथे दोन पायांमधून ट्रॅक नेऊच नये. बोर्डाला दुसरी बाजू दिली आहे ती त्यासाठीच.

वरच्या थरात आडवे आणि खालच्या थरात उभे ट्रॅक ठेवावेत, असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. कारखान्यात होणाऱ्या बोर्डासाठी तो उत्तम आहे, परंतु त्यामुळे प्रत्येक वळणावर एक व्हाया तयार होतो आणि घरी त्याची किंमत आपल्या मनगटाला मोजावी लागते. त्याऐवजी जमेल तेवढे सर्व खालच्या थरात आखावे, अडलेले ट्रॅकच वर न्यावेत आणि नंतर पुन्हा एकदा सावकाश फेरी मारून घटक फिरवून, सरकवून किंवा मायक्रोकंट्रोलरच्या मोकळ्या पायांची अदलाबदल करून व्हायांची संख्या घटवत जावे. मायक्रोकंट्रोलरचा कोणता पाय एलईडीला आणि कोणता बटणाला हे बहुतेक वेळा आपल्याच हाती असते, आणि तेवढ्या एका बदलाने कधीकधी निम्मे व्हाया नाहीसे होतात.

प्रश्न : रिकाम्या जागेत दोन्ही बाजूंना ग्राउंडचे तांबे तसेच ठेवावे की काढून टाकावे?

उत्तर : ठेवावे, पण विचारपूर्वक. तांबे जितके कमी काढायचे तितके रसायन कमी लागते, हा पहिला फायदा. दुसरा फायदा विद्युतशास्त्राचा आहे. कमी वारंवारतेचा प्रवाह परत येताना कमीत कमी रोधाचा मार्ग धरतो, तर जास्त वारंवारतेचा प्रवाह आपल्या ट्रॅकच्या अगदी खालून परतणे पसंत करतो, कारण त्या मार्गाने बनणाऱ्या वेटोळ्याचे क्षेत्रफळ आणि म्हणून प्रेरकत्व सर्वांत कमी असते. खालचा ग्राउंड अखंड असेल तर त्याला हा मार्ग मिळतो. त्यातून एखादा लांब ट्रॅक आडवा काढला की ग्राउंडमध्ये चीर पडते, प्रवाहाला वळसा घालावा लागतो आणि मंडल आजूबाजूचा गोंगाट पकडू लागते. त्यामुळे पृष्ठभागावर बसणारे घटक आणि त्यांचे ट्रॅक वर, आणि खालची बाजू जवळजवळ संपूर्ण ग्राउंड, ही रचना घरगुती बोर्डासाठी आम्हांला सर्वांत समाधानकारक वाटते. तीत प्रतिमा जुळवण्याचे कष्टही कमी होतात, कारण खालच्या बाजूला नेमके बसवावे असे फारसे काही उरत नाही. प्रत्येक आयसीच्या वीजपुरवठ्याच्या पायाशेजारी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या ग्राउंडच्या टोकाला लागूनच एक व्हाया, एवढे पाळावे.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवाव्यात. घरगुती बोर्डावर सोल्डर अडवणारा हिरवा लेप नसतो, म्हणून ट्रॅक आणि ग्राउंडचे तांबे यांत ०.५ मिलिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर सोल्डरचे पूल तयार होतात. ग्राउंडमधील पॅड तांब्याला चार बारीक पट्ट्यांनीच जोडावे, कारण सर्व बाजूंनी जोडलेले पॅड उष्णता लगेच पसरवून टाकते आणि जोड थंड राहतो. मुख्य विजेचा दाब बोर्डावर येत असेल, तर त्या भागातील ग्राउंड दोन्ही बाजूंनी पूर्ण काढून टाकावा आणि कमी दाबाच्या भागापासून किमान ६ मिलिमीटरचे अंतर मोकळे सोडावे.

प्रश्न : छापताना कोणता थर आरशातील प्रतिमेसारखा उलटा करायचा, यात दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर : प्रणाली दोन्ही थर वरून पाहिल्यासारखे दाखवते, म्हणून वरचा थर उलटवून आणि खालचा थर आहे तसा छापावा. हेही लक्षात राहत नसेल, तर प्रत्येक थरात तांब्याचीच दोन अक्षरे लिहावीत. खालच्या थरातील अक्षरे पडद्यावर उलटी दिसतील अशी ठेवावीत. छापील कागदावर दोन्ही थरांची अक्षरे उलटी वाचली गेली, तर तांब्यावर ती सुलटी उमटतील. पारदर्शक फिल्मलाही हाच नियम लागू आहे, कारण शाईची बाजू तांब्याला चिकटून असावी लागते. ती उलट ठेवल्यास फिल्मच्या जाडीमुळे प्रकाश कडांखाली शिरतो आणि रेषा पुसट होतात.

प्रश्न : माझ्या बोर्डाच्या एका कोपऱ्यात दोन्ही बाजूंची पॅड अगदी जुळतात, पण समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक पडतो. कागद कितीही काळजीपूर्वक लावला तरी असेच होते.

उत्तर : प्रथम किती चूक खपवून घेता येते ते पाहू. पॅड १.८ आणि भोक ०.८ मिलिमीटर असेल, तर भोकाभोवती सर्व बाजूंनी अर्ध्या मिलिमीटरचे कडे राहते. दोन्ही बाजूंत ०.३ मिलिमीटरचा फरक पडला तरी एका कडेला ०.२ मिलिमीटर तांबे उरते आणि सोल्डर धरून राहतो. त्याहून अधिक फरक पडला तर भोक पॅडच्या बाहेर डोकावू लागते. तेव्हा आपले उद्दिष्ट ०.३ मिलिमीटर. त्याहून अचूक काम झाले तर आनंदच आहे, पण त्यासाठी जीव टाकू नये.

चूक कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या नमुन्यावरून ओळखता येते. सर्वत्र सारखाच आणि एकाच दिशेचा फरक असेल तर कागद सरकला आहे. एका कोपऱ्याभोवती फिरल्यासारखा फरक असेल तर कागद तिरका बसला आहे. १०० मिलिमीटर लांबीत एका अंशाचा तिरकेपणा म्हणजे दुसऱ्या टोकाला पावणेदोन मिलिमीटर होतात, म्हणून डोळ्यांना न जाणवणारा तिरकेपणाही येथे महाग पडतो. आणि जुळलेल्या कोपऱ्यापासून दूर जाताना फरक एकाच दिशेने क्रमाने वाढत असेल, तर दोन छापांच्या लांबीतच फरक आहे. तुमच्या वर्णनावरून दुसरे किंवा तिसरे कारण संभवते. लेझर प्रिंटर कागद तापवतो, कागदातील ओलावा उडतो आणि तो किंचित आखडतो. शिवाय कागद पुढे सरकवणाऱ्या रुळांच्या गतीमुळे उभ्या आणि आडव्या दिशेतील मापे वेगवेगळी येतात. शंभरात अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंची चूक विरुद्ध दिशांनी आली तर ती दुप्पट होते.

म्हणून १०० मिलिमीटरचा चौकोन छापून दोन्ही दिशांनी मोजावा आणि छपाईच्या वेळी त्या प्रमाणात दुरुस्ती करावी. दोन्ही थर एकाच कागदावर, एकाच दिशेने, शेजारी-शेजारी छापावेत, म्हणजे जी चूक व्हायची ती दोघांत सारखीच होते. एक थर आडवा आणि दुसरा उभा छापणे हे संकट ओढवून घेणे आहे. कागद एकदा कोराच प्रिंटरमधून काढून नंतर त्यावर छापला, तर त्याचे आखडणे आधीच उरकते.

कागद जुळवण्याच्या तीन रीती आहेत. पहिलीत दोन्ही छाप समोरासमोर ठेवून उजेडावर धरतात, जुळवतात आणि दोन लगतच्या कडा चिकटवून किंवा स्टेपल करून पाकीट बनवतात. बोर्ड त्या पाकिटात सरकवला की काम झाले. बोर्डाच्या जाडीमुळे पाकिटाची कड थोडी ताणली जाते, म्हणून चिकटवण्याच्या जागी त्याच जाडीच्या बोर्डाचे तुकडे आत घालूनच कागद त्यांवर चिकटवावेत. ही रीत पारदर्शक फिल्मसाठी सर्वोत्तम आहे, जाड चकचकीत कागदासाठी मात्र कामचलाऊ, कारण त्यातून उजेड नीट येत नाही. दुसऱ्या रीतीत बोर्डाच्या चार कोपऱ्यांत आराखड्यातच ठरवलेली चार बारीक भोके आधी पाडतात, दोन्ही कागदांवर त्याच खुणांना सुईने टोचतात आणि टाचण्यांनी सर्व एकत्र ओवतात. भोकांच्या कडेला वर आलेले तांब्याचे कंगोरे बारीक सँडपेपरने घासून काढणे येथे अत्यावश्यक आहे, नाहीतर तेथे कागद उचललेला राहतो आणि टोनर बसत नाही.

तिसरी रीत सर्वांत संथ आणि, इस्त्री वापरणाऱ्यांच्या बाबतीत, सर्वांत भरवशाची. वरची बाजू रुंद चिकटपट्टीने पूर्ण झाकून केवळ खालची बाजू एचिंग (रसायनाने नको असलेले तांबे काढणे) करावी. मग एकमेकांपासून दूर असलेली तीन किंवा चार पॅड निवडून त्यांतून काळजीपूर्वक भोके पाडावीत, त्या भोकांवर वरचा कागद टाचण्यांनी जुळवून छाप उमटवावा, खालची बाजू झाकावी आणि पुन्हा एचिंग करावे. या वेळी सगळी भोके आधी पाडून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रत्येक भोकातून द्रावण झाकलेल्या बाजूला पोहोचते, चिकटपट्टी उचलते आणि तयार झालेली पॅड कुरतडते. बोर्ड दोनदा रसायनात जातो हे खरे, पण दुसरी बाजू पहिल्या बाजूच्या कल्पित जागेशी न जुळवता प्रत्यक्ष भोकांशी जुळवली जाते.

भोक तिरके पडले तर हे सारे व्यर्थ जाते. बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर असते. हाताने धरलेले ड्रिल दहा अंशांनी कलले की दुसऱ्या बाजूला भोक ०.२८ मिलिमीटर सरकते, म्हणजे आपली जवळजवळ सगळी सवलत तेथेच संपते. ड्रिलला स्टँड हवाच. काचतंतूच्या बोर्डावर साधी पोलादी पाती लवकर बोथट होतात, तर कार्बाइडची पाती टिकतात, पण आडव्या जोराने तडकन मोडतात, म्हणूनही स्टँड हवा. ०.८ मिलिमीटरचे पाते आयसी, रेझिस्टर आणि व्हायासाठी आणि १ मिलिमीटरचे पिनांच्या पट्टीसाठी, एवढ्यावर बहुतेक काम भागते. उडणारी काचेची भुकटी फुप्फुसांना घातक असते. मास्क लावावा आणि भुकटी फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्न : टोनर सोडून प्रकाशसंवेदी फिल्म वापरावी का?

उत्तर : दोन बाजूंचे बोर्ड वारंवार करायचे असतील तर अवश्य. बाजारात सुटी मिळणारी कोरडी फिल्म ऋण प्रकारची असते, म्हणजे जेथे अतिनील प्रकाश पडतो तो भाग कडक होऊन राहतो. म्हणून छाप असा हवा की ट्रॅक पारदर्शक आणि बाकी सर्व काळे. येथे जुळवणीसाठी एक अनपेक्षित सोय मिळते. असे दोन काळे छाप एकमेकांवर ठेवून उजेडावर धरले, तर एका थराचे ट्रॅक दुसऱ्या थराच्या काळ्या भागाखाली लपतात आणि दोन्ही थरांत समान असलेली पॅडच तेवढी उजळ दिसतात. जुळणी चुकली असेल तर ती पूर्ण गोल न दिसता बदामासारखी निमुळती दिसतात, आणि ती पूर्ण गोल दिसेपर्यंत छाप सरकवत जावा.

स्वच्छ केलेल्या तांब्यावर फिल्म लॅमिनेटरमधून बसवावी, सौम्य पिवळ्या उजेडात काम करावे आणि ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या दिव्याने दोन्ही बाजूंना प्रकाश द्यावा. वेळ किती द्यावी हे दिव्यावर आणि अंतरावर अवलंबून असल्याने टाकाऊ तुकड्यावर पायरीपायरीने झाकत जाऊन एकदा चाचणी घ्यावी. दुसऱ्याच्या दिव्याची वेळ आपल्या उपयोगाची नसते. प्रकाश दिल्यानंतर वरचे पारदर्शक आवरण काढून, एक टक्क्याच्या आसपासच्या सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात, म्हणजे धुण्याच्या सोड्यात, न कडकलेली फिल्म विरघळते. एचिंगनंतर उरलेली फिल्म काढायला सुमारे तीन टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण लागते. तयार लेप दिलेले बोर्ड मात्र बहुधा धन प्रकारचे असतात. त्यांच्यासाठी छाप उलट हवा आणि विकासकही (छाप उमटवणारे डेव्हलपर द्रावण) वेगळा, तेव्हा वेष्टनावरील सूचना वाचल्याशिवाय काहीही मिसळू नये.

प्रश्न : एचिंग करताना एक बाजू पूर्ण होते आणि दुसरी अर्धवटच राहते. तोवर पहिल्या बाजूचे बारीक ट्रॅक खाल्ले जातात. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण अधिक चांगले असते का?

उत्तर : बोर्ड तबकात आडवा ठेवल्याचा हा परिणाम आहे. खालच्या बाजूला द्रावण हलत नाही, तेथे वापरले गेलेले द्रावण साचून राहते. बोर्ड प्लॅस्टिकच्या उभट आणि अरुंद भांड्यात उभा टांगावा, मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने तळातून बुडबुडे सोडावेत आणि मधूनमधून बोर्ड वरखाली उलटवावा. तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले की वेग चांगला मिळतो. दोन्ही बाजूंवर काढायचे तांबे साधारण सारखे राहील अशी आखणी केली असेल, तर दोन्हीही जवळपास एकाच वेळी पूर्ण होतात. रिकाम्या जागेत ग्राउंडचे तांबे ठेवण्याचा हा आणखी एक लाभ.

द्रावण तांबे खाली जसे खाते तसे कडेनेही खाते. नेहमीच्या ३५ मायक्रॉनच्या थरात प्रत्येक कडेने साधारण तेवढीच झीज धरली, तर ०.४ मिलिमीटरच्या ट्रॅकमधून ०.०७ मिलिमीटर जातात, जे चालते. ०.१५ मिलिमीटरच्या ट्रॅकमधून मात्र निम्मा ट्रॅक जातो. बारीक काम करायचे असेल तर १८ मायक्रॉन तांब्याचा बोर्ड मिळवावा. त्याचा फरक कोणत्याही रसायनबदलापेक्षा मोठा असतो.

आम्ल आणि पेरॉक्साइडचे मिश्रण वेगवान असते, परंतु पेरॉक्साइडचे प्रमाण जास्त झाल्यास क्लोरीन वायू सुटतो आणि आम्लाची वाफ खोलीतील प्रत्येक लोखंडी हत्याराला गंज चढवते. घरात ते वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फेरिक क्लोराइड संथ, डाग पाडणारे, पण सहनशील असते. सोडियम परसल्फेट पारदर्शक असल्यामुळे बोर्ड दिसत राहतो आणि द्रावण निळसर होत जाते. दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवायचे असताना ही मोठी सोय आहे. परसल्फेटचे द्रावण मात्र घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नये, कारण त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. हातमोजे आणि चष्मा यांबाबत सवलत नाही. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये, कारण विरघळलेले तांबे जलचरांना विषारी असते आणि फेरिक क्लोराइड धातूचे नळही खाते. ते प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून घातक कचऱ्याच्या संकलनात द्यावे.

प्रश्न : व्हाया जोडण्यासाठी तार, पितळी किंवा तांब्याचे रिव्हेट, चांदीची वाहक शाई आणि घरच्या घरी विलेपन यांपैकी काय निवडावे? तारेचा जोड कच्चा समजला जातो का?

उत्तर : कच्चा तर नाहीच. ०.६ मिलिमीटर व्यासाच्या तारेचे छेदक्षेत्र ०.२८ चौरस मिलिमीटर असते, तर तेवढ्याच भोकाच्या भिंतीवर चढवलेल्या २५ मायक्रॉन तांब्याचे ०.०५ चौरस मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे तारेत कारखान्यातील व्हायाच्या सुमारे सहापट धातू असतो. कमी पडते ते आपला वेळ आणि सपाटपणा, कारण जोडाच्या दोन्ही टोकांना सोल्डरचे टेंगूळ येते. म्हणूनच आयसीच्या पोटाखाली व्हाया ठेवू नये.

रेझिस्टरचे कापून उरलेले पाय या कामाला उत्तम. व्हायांची संख्या जास्त असेल तर एकच लांब, कथील चढवलेली तार एका भोकातून खाली आणि पुढच्या भोकातून वर अशी टाके घातल्यासारखी ओवावी, दोन्ही बाजूंची सर्व टोके सोल्डर करावीत आणि मगच मधले तुकडे कटरने छाटावेत. तुकडे निसटून पडत नाहीत आणि वेळ निम्म्याने वाचतो. घटक बसवण्यापूर्वी प्रत्येक व्हाया मल्टिमीटरने तपासावा आणि तपासणी पॅडवर न करता ट्रॅकच्या दूरच्या टोकांना करावी, म्हणजे ट्रॅकमधील बारीक तडाही सापडतो.

रिव्हेट नीटनेटके दिसतात, परंतु केवळ ठोकून बसवलेला रिव्हेट तापमानातील चढउतारांनी सैल होतो, त्यामुळे त्यालाही सोल्डर द्यावाच लागतो. शिवाय त्यासाठी मोठे भोक आणि मोठे पॅड लागते. ज्या कनेक्टरला वरून सोल्डर करता येत नाही, त्याच्या पॅडमध्ये मात्र रिव्हेट खरोखर कामी येतो. वाहक शाईचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो. संकेतासाठी ती चालेल, वीजपुरवठ्यासाठी नाही. घरच्या विलेपनात भोकांच्या भिंतीवर ग्रॅफाइटसारखा वाहक लेप देऊन बोर्ड कॉपर सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात ठेवतात. ते जमते, पण पृष्ठभागावरील तांबेही त्याबरोबर जाड होते आणि मग एचिंग लांबून कडा अधिक खाल्ल्या जातात. रसायनशास्त्राची आवड म्हणून करावे, गरज म्हणून नाही.

प्रश्न : ०.५ मिलिमीटरचा ट्रॅक किती प्रवाह सोसेल?

उत्तर : ३५ मायक्रॉन तांब्याच्या कोणत्याही चौरसाचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम असतो, हे एक माप लक्षात ठेवले की हिशेब तोंडी होतो. ०.५ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब ट्रॅकमध्ये असे २०० चौरस बसतात, म्हणजे रोध ०.१ ओहम. एक अँपियरला ०.१ व्होल्टची घट आणि ०.१ वॅट उष्णता होईल. एवढी उष्णता त्या लांबीत सहज निघून जाते. दोन-तीन अँपियरचा प्रवाह असेल, तर दोन्ही थरांत समांतर रुंद ट्रॅक ठेवून त्यांना अनेक व्हायांनी जोडावे.

प्रश्न : तयार बोर्ड काही दिवसांत काळवंडतो. हिरवा लेप घरी देता येतो का?

उत्तर : अतिनील प्रकाशात कडक होणारा लेप मिळतो आणि देता येतो, पण पॅडच्या जागा मोकळ्या ठेवण्यासाठी पुन्हा दोन्ही बाजूंची जुळवणी करावी लागते. साध्या बोर्डासाठी राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून तिचा पातळ हात एचिंगनंतर लगेच दोन्ही बाजूंना द्यावा. ती तांब्याला हवेपासून वाचवते आणि सोल्डरिंगच्या वेळी फ्लक्सचेही (सोल्डर नीट पसरवणाऱ्या पदार्थाचेही) काम करते. नळजोडणीसाठी मिळणारे आम्लयुक्त फ्लक्स मात्र चुकूनही वापरू नये, कारण ते तारेच्या व्हायांच्या भोकात शिरून बसते, धुऊन निघत नाही आणि काही महिन्यांनी जोडाभोवती हिरवी पूड दिसू लागते.